न भेटलेल्या शत्रूची ओळख

१

मुलाची तब्येत सुधारत होती, आणि डॉक्टरांची अडचण नेमकी तीच होती.

मुलगा सहा वर्षांचा. ब्लड कॅन्सर एकदा जाऊन परत आलेला, म्हणून शेवटचा उपाय केला होता. औषधांनी त्याच्या हाडांतला सगळा बोन मॅरो जाळून टाकला आणि त्याच्या मोठ्या बहिणीच्या मूळपेशी त्याच्या अंगात पेरल्या. त्याला दीड महिना होत आला होता. तेव्हापासून तो काचेमागच्या खोलीत राहत होता. डोक्यावरचे केस गेलेले, औषधांनी गाल फुगलेले. वॉर्डातले आणि घरचेही सगळे त्याला भोपळू म्हणत आणि तो त्यावर खूश असे.

मग त्याच्या रक्तात एक जुना विषाणू जागा झाला. हा विषाणू बहुतेकांच्या अंगात कधीतरी गुपचूप शिरतो आणि जन्मभर कोपऱ्यात झोपून राहतो, कारण आपल्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. भोपळूचे पहारेकरी औषधांनी मेले होते आणि नवे अजून रांगत होते. रिकामं घर सापडल्यावर चोर काय करणार? फुप्फुसं, आतडी, डोळे, जिथे हात पोचेल तिथे. त्यावर औषध होतं, पण ते नुकत्याच रुजलेल्या बोन मॅरोचाही जीव घेऊ शकलं असतं. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

औषध सुरू करण्याआधी विषाणू पुन्हा मोजले, तर ते निम्म्यावर आले होते. दोन दिवसांनी आणखी कमी. कोणी काहीच दिलं नव्हतं.

हे मोजणाऱ्या डॉक्टरीणबाईंना अख्खं हॉस्पिटल विषाणूबाई म्हणायचं. पन्नाशी उलटलेली, आवाज बारीक, आणि चौकशीची खोड अशी की लिफ्टमध्ये शेजारी कोणी खोकलं तर कधीपासून खोकताय म्हणून विचारल्याशिवाय राहायच्या नाहीत. कमी होतंय म्हणून सुटकेचा निःश्वास टाकावा, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. कमी करतंय कोण? त्यांनी भोपळूचं थोडं रक्त घेऊन त्यात त्या विषाणूचे तुकडे टाकले. रक्तातल्या पांढऱ्या पेशींची एक मोठी फौज त्या तुकड्यांवर तुटून पडली. जुनी ओळख असल्यासारखी.

बाईंनी दाता बहिणीची जुनी चाचणी काढली. ती चाचणी सांगत होती की बहिणीच्या अंगात तो विषाणू कधीच शिरलेला नाही.

शाळेची पायरी न चढलेल्या पोराने तीसपर्यंतचे पाढे घडाघडा म्हणून दाखवावेत, तसा हा प्रकार होता.

२

"दोनच उत्तरं आहेत," प्रत्यारोपण विभागाचे मोठे डॉक्टर म्हणाले, "आणि मला दोन्ही नको आहेत."

"पहिलं?"

"या पेशी बहिणीच्या नाहीतच. पोराच्या स्वतःच्या आहेत. त्याच्या जुन्या पेशी औषधातून वाचल्या. पण त्या वाचल्या असतील, तर कॅन्सरही वाचला असेल. मग नव्या पेशींना आवरून धरणारं औषध मला उद्या बंद करावं लागेल. त्या मोकळ्या सुटल्या की कॅन्सरवर तुटून पडतील. आणि कदाचित पोराच्या कातडीवर, लिव्हरवरही." ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. "अशात मी मुलं गमावली आहेत."

"आणि दुसरं उत्तर?"

"लॅबने घोळ घातला. दुसऱ्याच कोणाचं रक्त बहिणीचं म्हणून तपासलं."

"उद्या दुपारपर्यंत औषधाला हात लावू नका," बाई म्हणाल्या.

पहिल्या उत्तराचा निकाल लावणं सोपं होतं. भोपळू मुलगा, दाता मुलगी. मुलाच्या पेशीत एक्स आणि वाय, मुलीच्या पेशीत दोन एक्स. बाईंनी विषाणूवर तुटून पडणाऱ्या पेशी तेवढ्या वेगळ्या काढल्या आणि तपासल्या. दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या डॉक्टरांच्या दारात उभ्या राहिल्या.

"सगळ्या मुलीच्या आहेत. एकही मुलाची नाही. बाकीच्या रक्तातही तेच. तुमचं रोपटं छान रुजलंय."

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी चेहरा चोळला. मग त्यांचा आवाज बदलला.

"म्हणजे लॅबचाच घोळ. आज एका विषाणूच्या चाचणीत झाला, उद्या रक्तगटात झाला तर माणूस जाईल. तो लेबलवाला कोण आहे, त्याला मी या विभागात ठेवणार नाही."

"पोराचा तर फायदाच झाला की."

"नशिबाने झाला. नशिबावर मी विभाग चालवत नाही."

हे म्हणणं खोडण्यासारखं नव्हतं. बाई लॅबकडे निघाल्या.

३

लॅबमधल्या त्या माणसाला सगळे लेबलराव म्हणायचे. बाटलीवर लेबल तिरकं लागलं तर ते काढून पुन्हा लावायचा. घरी मसाल्याच्या डब्यांनाही लेबलं लावली आहेत, असं त्याची बायको सांगायची. कुणकुण त्याच्या कानावर आधीच गेली होती. तो हात मांडीवर ठेवून बसला होता.

"मॅडम, तेवीस वर्षं झाली. चूक झालीच नसेल असं मी म्हणत नाही. माणूस आहे. पण ही मुलगी मला आठवते."

"इतक्या लोकांतून?"

"लोक सुई टोचताना मान फिरवतात. ही बघत बसली. वर विचारते, या नळीचं टोपण जांभळं आणि त्या नळीचं पिवळं का? मी सांगितलं, तर म्हणते, वा, म्हणजे रंगावरूनच कळतं. तिला नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, तिच्यासमोर लेबल लावलं. ती खुर्चीतून उठायच्या आत."

"त्यातलं रक्त शिल्लक आहे?"

"थोडं गोठवून ठेवलेलं असतंच. आणि मूळपेशी दिल्या त्या दिवशीही एक नळी घेतलेली असते, नियमच आहे. तीही असेल."

दोन्ही नळ्या निघाल्या. बाईंनी पहिल्यांदा डीएनए पाहिला, आणि तो दोन्ही नळ्यांत तंतोतंत सारखा होता. भोपळूच्या अंगात रुजलेल्या पेशींशीही जुळणारा. म्हणजे दुसऱ्याच कोणाचं रक्त आलं, हा आरोप तिथेच मोडला. लेबलरावने लेबल बरोबर माणसावर लावलं होतं.

मग त्यांनी दोन्ही नळ्यांत विषाणूची ओळख तपासली. पहिली नळी पुन्हा तेच म्हणाली, की हा विषाणू मी पाहिलेला नाही. दुसऱ्या नळीत मात्र ओळख होती. मधल्या काळात लागण झाली असेल? बाईंनी तेही पाहिलं. ताजी लागण असेल तर रक्तातली ओळख कच्ची असते, वर्षं लोटली की पक्की होते. दुसऱ्या नळीतली ओळख चांगली मुरलेली होती, लोणच्यासारखी.

दोन नळ्यांत महिन्याभराचं अंतर. एक सांगते कधीच भेट नाही, दुसरी सांगते वर्षानुवर्षांची ओळख. आणि डीएनए सांगतो, माणूस एकच.

"मॅडम," लेबलराव हळूच म्हणाला, "म्हणजे मी सुटलो का?"

"तुम्ही सुटलात. मी अडकले."

४

मूळपेशी काढल्या त्या दिवशी दाता मुलीजवळ असलेली सिस्टर वॉर्डातच भेटली. बोलताना तिचे हात थांबत नव्हते, चादरीच्या घड्या चालूच होत्या.

"हो, आठवते की. बिचारी लटलट कापत होती. हाताला सुई लावायची तर डोळे गच्च मिटलेले. ओठांतल्या ओठांत काहीतरी बडबडगीत म्हणत होती, चिऊ-काऊचं. मी म्हटलं, अगं, दोन मिनिटं थांबता येईल. तर म्हणाली, थांबू नका, लवकर करा."

"टोपणांचे रंग वगैरे विचारले का तिने?"

"छे हो. आणि एक गंमत. बाहेरच्या बाकावर कोणाचं तरी पोर नाकाला धार लावून रडत होतं. इतकी घाबरलेली असून ही उठली, स्वतःच्या रुमालाने त्याचं नाक पुसलं आणि पुन्हा येऊन कापत बसली."

बाई तिथेच उभ्या राहिल्या. जी सुई आत जाताना कुतूहलाने बघते, तीच महिन्याभराने डोळे मिटून बडबडगीतं म्हणते? माणूस बदलतो, पण एवढा नाही.

त्यांनी गाऊन, मास्क, टोपी चढवली आणि काचेमागच्या खोलीत गेल्या. भोपळू ठोकळ्यांचा मनोरा रचत होता.

"तुझ्या रक्तात काय चाललंय माहीत आहे का?" बाईंनी विचारलं. "एक चोर शिरलाय आणि तुझ्या ताईच्या पेशी त्याच्याशी भांडतायत. तुझ्या बाजूने."

भोपळूने जरा विचार केला. "माझी ताई भांडत नाही."

"कधीच नाही?"

"नाही. ताई लांब मावशीकडे शिकायला होती ना, आत्ताच आलीये. तिला भांडता येत नाही. भांडते ती छोटी ताई. मी तिच्या पाळणाघरात जायचो, तिथे कोणी माझा ठोकळा घेतला की ती सोडायची नाही."

"छोटी ताई म्हणजे किती छोटी?"

"छोटी म्हणजे मागून आलेली. दोघी सारख्याच आहेत. पण आई तिच्याशी बोलत नाही, म्हणून ती येत नाही."

मनोरा पडला. बाईंनी खाली वाकून ठोकळे गोळा केले. त्यांच्या मास्कमागे काय झालं, ते भोपळूला दिसलं नाही.

५

आई बाहेर बाकावर बसलेली होती. दोन मुलींचं नाव काढताच तिने पदर सावरला.

"थोरलीने वाचवला माझ्या पोराला. धाकटीचं नाव काढू नका."

"जुळ्या ना?"

"दहा मिनिटांचा फरक. तुम्ही लोकांनी सांगितलं होतं, जुळ्या आहेत, दोघींपैकी कोणीही चालेल. म्हणून रक्त तपासायला दोघींना घेऊन आले. ही धाकटी दारातून सुई बघून पळाली. लहान पोर आत मरणाशी झुंजतंय आणि हिला एक सुई सोसवेना. मी म्हटलं, पुन्हा घरात पाऊल टाकू नकोस. ते पाळणाघर आहे ना तिचं, त्याच्यावरच्या खोलीत राहते आता."

म्हणून कागदावर बहीण एकच होती. दारातून पळालेल्या मुलीची नोंद कोण करणार?

पाळणाघर जवळच होतं, बाई दुसऱ्या दिवशी तिथे गेल्या. आत पाऊल टाकताच बाईंच्या पायाशी एक रांगतं बाळ येऊन थडकलं. कोणी तोंडात घातलेलं रबरी हत्तीचं पिल्लू काढून दुसऱ्याच्या तोंडात घालत होतं. एकाचं नाक वाहत होतं, दुसऱ्याचा लंगोट ओला, तिसरं त्या गडबडीत शांत झोपलेलं. विषाणूबाई बघतच राहिल्या. तो झोपाळू विषाणू ज्या लाळेतून, ज्या ओल्या दुपट्यांतून हिंडतो, त्याचं माहेरच हे. मोठ्या मुलीने हे दिवस लांब मावशीकडे पुस्तकांत काढले होते. धाकटीने इथे, कडेवर पोरं घेऊन. आणि भोपळूलाही चोर बहुधा याच घरातून मिळाला होता.

कोपऱ्यात एक मुलगी मांडीवरच्या बाळाला भरवत होती. वय वीसच्या आसपास. चमचा तोंडाशी नेताना ती स्वतःही तोंड उघडत होती.

"मी हॉस्पिटलमधून आलेय," बाई म्हणाल्या.

चमचा थांबला. "भोपळूला काही झालं?"

"बरा आहे. विषाणू पळतोय." बाई तिच्याजवळ चटईवर बसल्या. "तुझ्या पेशी पळवतायत त्याला."

बाळाने चमच्यासाठी हात पुढे केला, तसं तिने यंत्रासारखं भरवलं.

"तुमचा दोघींचा डीएनए एक आहे," बाई म्हणाल्या. "त्यावरून तुम्हाला कोणी वेगळं काढू शकलं नसतं, मीसुद्धा नाही. पण रक्ताला आठवण असते. कोणाकोणाशी गाठ पडली, ते रक्त विसरत नाही. ताईच्या रक्ताला हा विषाणू माहीत नाही. भोपळूला ज्या रक्ताने वाचवलं त्याला तो वर्षानुवर्षं माहीत आहे. आणि ते रक्त देणारी मुलगी बडबडगीत म्हणत होती."

मुलीने बाळाला खांद्यावर घेतलं आणि पाठ थोपटत राहिली. बाळाला ढेकर आल्यावरच तिने तोंड उघडलं.

"आदल्या दिवशी ताईला ताप भरला. सणकून. तिने मला फोन केला, रडत होती. तोवर भोपळूचा स्वतःचा बोन मॅरो जाळून झाला होता. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, एकदा ते झालं की मागे फिरता येत नाही, बहिणीचं वेळेवर मिळालं नाही तर..." ती थांबली. "ताप सांगितला तर तिचं घेणार नाहीत. माझी तपासणीच झालेली नाही, म्हणून माझंही घेणार नाहीत. मग तो मधल्यामध्ये लटकणार. मी ताईचं ओळखपत्र घेतलं, तिचा ड्रेस घातला आणि गेले. आई त्या वेळी आत भोपळूजवळ होती."

"सुईची भीती?"

"आहेच की. अजून आहे."

"आम्हाला सांगितलं असतंस तर तुझं रक्त आम्ही तासाभरात तपासायला घेतलं असतं. काहीतरी मार्ग काढला असता."

"ते आम्हाला कुठे माहीत?"

विषाणूबाईंनी मान हलवली. हे त्यांना लागलं. तापाचं काय करायचं ते त्या घरात कोणी सांगितलं नव्हतं. मागे फिरता येत नाही, एवढंच सांगितलं होतं.

"पण एक ऐक," त्या म्हणाल्या. "तुझ्या अंगात दुसरा काही भलताच आजार लपलेला असता, तर तोही त्याला गेला असता. तुझी काहीच तपासणी नव्हती."

मुलीचा चेहरा उतरला. खांद्यावरच्या बाळाला तिने घट्ट धरलं.

"त्या दिवशीच्या नळीतून काल मी सगळं तपासून घेतलं. काही नाही. स्वच्छ आहे. आता सांग, नंतर तरी का बोलली नाहीस? आईने तुला घराबाहेर काढलं. ती अजून तुझं नाव घेत नाही."

"ताई दोनदा सांगायला निघाली होती. मीच अडवलं. आईच्या पोटात काही राहत नाही. ती आनंदाने पहिल्यांदा मोठ्या डॉक्टरांनाच जाऊन सांगणार. मग फसवलं म्हणून त्यांनी भोपळूला काढून टाकलं तर? तो बरा होऊन घरी येईपर्यंत गप्प बसायचं ठरवलं होतं." तिने ओठ दाबले. "तोपर्यंत आई मला काय म्हणते ते ऐकायचं. त्याला काय लागतं?"

त्याला बरंच लागत होतं, हे तिच्याकडे पाहून कळत होतं.

६

मोठे डॉक्टर ऐकून आधी भडकले. खोटं ओळखपत्र, न तपासलेला दाता, भूल देताना काही झालं असतं तर कोण जबाबदार. सगळं खरं होतं, आणि विषाणूबाईंनी ते सगळं बोलू दिलं.

"कारवाई करणार?" मग त्यांनी विचारलं.

"कोणावर? त्या पोरीवर?" मोठे डॉक्टर खुर्चीत बसले. "ज्या पोराला हा विषाणू आधीच आहे, त्याला विषाणू भेटलेला दाता मिळाला तर उत्तम, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवतो. थोरलीखेरीज तपासलेलं कोणी नव्हतं, म्हणून तिच्यावर भागवलं. दुसरी दारातून पळाली तेव्हा तिच्यामागे जाऊन दोन शब्द बोलायला आमच्यातलं कोणी गेलं नाही." जरा वेळाने ते म्हणाले, "यापुढे दात्याला आदल्या दिवशी आपण स्वतः फोन करायचा. बरं नसेल तर काय करायचं, तेही सांगायचं. आणि त्या लेबलरावांना बोलवा. माफी मला मागायची आहे, तुम्ही मध्ये पडू नका."

नव्या पेशींना आवरणारं औषध चालूच राहिलं. विषाणूवरचं औषध द्यावं लागलं नाही. पुढच्या आठवड्यात मोजायला गेले तेव्हा विषाणू इतका थोडा होता की यंत्राला सापडेना.

आईला सांगायचं काम बाईंनी मुलींवर सोपवलं, पण लांबून नजर ठेवली. दोघी एकदम आल्या. वॉर्डात त्यांना एकत्र पाहायची सगळ्यांचीच ही पहिली वेळ. सिस्टर चादर हातात धरून बघतच राहिली. थोरलीने आईसमोर बसून सगळं सांगितलं. धाकटी भिंतीला टेकून उभी होती, दाराच्या बाजूला, कधीही निघता येईल अशी.

आईने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. काही वेळ काचेतून भोपळूकडे बघत राहिली. तो आतून दोघी बहिणींना एकदम पाहून पलंगावर उभा राहिला होता आणि हात हलवत होता. मग आईने भिंतीकडे मान वळवली.

"कुठून काढलं?"

धाकटीला आधी समजलं नाही. मग तिने हात मागे नेऊन कमरेखाली ठेवला, एका बाजूला, मग दुसऱ्या. "इथून. आणि इथून. हाडातून."

"दुखतं अजून?"

"पोरांना उचलताना. थोडं."

आई उठून तिच्याजवळ गेली. मुलीचा हात बाजूला करून तिने आपला तळवा तिथे ठेवला आणि हळूहळू चोळत राहिली.